घरातली जुनी पोथी: तेल, पाणी आणि सैल बांधणी

हस्तलिखित पोथीच्या शेवटी लेखनिक बहुधा एक श्लोक उतरवून ठेवत. त्यात पोथीच बोलते: मला तेलापासून राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख, मूर्खाच्या हाती देऊ नकोस. आजही पोथ्यांचं नुकसान याच कारणांनी होतं.

पोथी देव्हाऱ्यात असेल तर आधी तिथून हलवा. समईचं तेल एकदा हातकागदात मुरलं की घरच्या घरी निघत नाही. हळदकुंकू वाहायचं तर पाटावर वाहा, पानांवर नको.

उघडताना टेबलावर पांढरं धुतलेलं कापड पसरा, हात धुऊन पूर्ण कोरडे करा. बोटाला थुंकी लावून पान उलटू नका. चुकलेल्या अक्षरांवर पिवळा लेप दिसतो तो हरताळ. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. हरताळात आर्सेनिक असतं, म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुवा. पानांतली वाळकी फुलं, तुळस, मोरपीस काढून वेगळ्या पाकिटात ठेवा. त्यांचे डाग पडतात.

धूळ झाडायला इंचभर रुंद, मऊ केसांचा ब्रश घ्या आणि मधून कडेकडे हलक्या हाताने फिरवा. ओला बोळा किंवा खोडरबर नकोच. काजळाची शाई कागदात फारशी मुरत नाही, वर बसलेली असते. पाणी लागलं की अक्षर पसरतं, घासलं की उडतं. चिकटलेली पानं, सोनेरी काम किंवा सुटे रंग असतील तर हात न लावता प्रशिक्षित संवर्धकाकडे न्या.

छिद्रांतून ताजी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे असं समजा. चित्रं नसलेली, कोरडी पोथी दोन प्लॅस्टिक पिशव्यांत हवा काढून बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये १४ दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडू नका, नाहीतर गार कागदावर दव धरतं. उन्हात वाळवणं हा जुना उपाय मात्र सोडा. त्याने कागद ठिसूळ होतो.

फाटलेल्या पानाला सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन यांतलं काहीही लावू नका. टेपचा चिकटा काही वर्षांनी तपकिरी होऊन कागदात उतरतो. हवी गव्हाच्या सत्त्वाची खळ: एक भाग सत्त्व, पाच भाग पाणी, मंद आचेवर सतत ढवळत २०–२५ मिनिटं, मग गाळून गार. साधी कणीक चालत नाही, त्यातल्या ग्लुटेनने (चिवट प्रथिनाने) दुरुस्ती कडक होते. पातळ जपानी टिश्यूची (दुरुस्तीसाठीच्या लांब तंतूंच्या कागदाची) पट्टी कात्रीने न कापता हाताने फाडा, म्हणजे कडेचे तंतू धरून राहतात. कोऱ्या समासावरच लावा, वर टिपकागद आणि वजन ठेवा.

मग बांधणी. ती सैल राहिली की पानं वाकतात आणि फटींतून धूळ, कसर आत जाते. पोथीच्या वर-खाली पानांपेक्षा थोड्या मोठ्या दोन फळ्या ठेवा. खळ निघेपर्यंत दोन-तीनदा धुतलेलं कोरं मांजरपाट आधी गुंडाळा, कारण खळ हे कसरीचं खाद्य. लाल कापड त्यावरून, म्हणजे ओल लागली तरी रंग पानांवर उतरत नाही. नाडी घट्ट, पण पानांच्या कडा दबणार नाहीत इतपतच. रबरबँड नको. वेखंडाची पुरचुंडी शेजारी ठेवा, पानांत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे असावं. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की बुरशी धरते, म्हणून आर्द्रतामापक आत ठेवा.

शेवटी फोटो. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड, फोन पानाला समांतर, शेजारी मोजपट्टी. पोथीत आकडा पानाच्या मागच्या बाजूला असतो, म्हणून फाइलला ‘५ अ’ (पुढची बाजू), ‘५ ब’ (मागची, आकड्याची बाजू) अशी नावं द्या. गहाळ पान लगेच कळेल. पुष्पिकेचा, म्हणजे अखेरच्या मजकुराचा, फोटो वेगळा काढा. तिथे शके आणि लेखनिकाचं नाव मिळू शकतं. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा, पौष ते फाल्गुनातल्या तिथीला बहुधा ७९. पोथी कोणत्या गावातून, कोणाकडून घरात आली तेही घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून पेन्सिलीने वेगळ्या कागदावर लिहा आणि तो कागद वेष्टनाच्या बाहेर, नाडीत अडकवा.