आरजीओ घालून चालताय? या चुका टाळा

मणक्याला मार बसून पाय गेले आणि हातात आरजीओ आलं, म्हणजे मोटर-बॅटरी नसलेलं, कमरेपासून पावलापर्यंतचं कॅलिपर, की पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, कधी चालायला लागेन?" माझाही ठरलेला: "टाच बघितलीत का आज?"

त्वचा न तपासणं ही मला सगळ्यात संताप आणणारी चूक. ऐरोलीच्या एका मुलाला बहिणीच्या लग्नात स्टेजवर उभं राहायचं होतं. हौस रास्त होती. पण मे महिना, नवे कडक बूट, आणि टाचेशी मोजा दुमडलेला. कमरेखाली संवेदना नाही, त्यामुळे टोचलं तरी कळणार कसं? रात्री दमून तसाच झोपला. सकाळी आईने बूट काढले तर टाच जांभळी, वर फोड. जखम भरेपर्यंत पावसाळा सरला आणि तोवर कॅलिपर माळ्यावर.

सुरुवातीला पंधरा-वीस मिनिटंच घाला. काढल्यावर हातआरसा घेऊन टाचा, घोटे, गुडघ्याच्या बाजू, माकडहाड बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर ती जाईपर्यंत कॅलिपर बंद, आणि ते घेऊन ऑर्थोटिस्टकडे, म्हणजे कॅलिपर बनवून बसवणाऱ्याकडे. मोजे मी सगळ्यांना उलटे घालायला लावते, शिवण बाहेर. लोक हसतात. हसू देत.

दुसरी चूक पाय ओढण्याची. आरजीओत दोन्ही खुबे केबलने किंवा मागच्या दांडीने जोडलेले असतात: एक खुबा मागे गेला की दुसरा पाय पुढे येतो. म्हणून वजन एका पायावर न्या, हातांनी वॉकर खाली दाबा, छाती वर काढून किंचित मागे रेला, की मोकळा पाय आपसूक सुटतो. नवशिके नेमके पावलांकडे बघत पुढे वाकतात, झटके देतात आणि पाय फरशीला चिकटला म्हणून माझ्यावरच चिडतात. मी समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला लाल टेप लावते. नजर तिथून हलली की ओरडते.

दिवसभर खुर्चीत बसून खुबे आखडतात, मग सरळ उभंच राहता येत नाही. रोज अर्धा तास पालथं झोपा, कंटाळा आला तरी. कॅलिपरच्या गुडघ्याचं लॉक 'टक' वाजलं म्हणून बसलं असं धरू नका, बोटाने चाचपा. निघण्याआधी लघवीची पिशवी रिकामी. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर असेल आणि अचानक डोकं ठणकून घाम फुटला, तर लगेच बसा, पट्टे सैल करा, लघवीची नळी कुठे अडकली-दुमडली आहे का बघा. थांबलं नाही तर थेट हॉस्पिटल. गुडघा सुजून गरम लागला तर एक्स-रे काढाच. हाडं ठिसूळ झालेली असतात, आणि फ्रॅक्चर झालं तरी दुखणार नाही.

व्हिडिओ बघून पहिल्याच महिन्यात ठाण्याच्या तलावपाळीला फेरी मारायला निघणारे भेटतात. तिथले उखडलेले पेव्हर ब्लॉक धडधाकट माणसालाही पाडतात. आधी पॅरलल बार (दोन्ही बाजूंना धरायच्या समांतर दांड्या), मग वॉकर, कुबड्या सगळ्यात शेवटी.

आणि व्हीलचेअर विकू नका! या चालण्यात दम फार लागतो, वेग कमी. ते व्यायामासाठी, चार माणसांत उभं राहण्यासाठी ठेवा. गावदेवी मार्केटमधून भाजी आणायला खुर्चीच बरी.