फॅन गेम बनवताय? या चुका टाळा

‘फुकटच तर देतोय की, कोण काय म्हणणार?’ सोलापुरात फॅन गेम, म्हणजे एखाद्या कंपनीच्या गेममधली पात्रं उचलून चाहत्यांनी केलेली गेम, बनवणाऱ्या पोरांकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी मोजणं सोडलंय. सगळ्यात महागात पडते ती हीच समजूत. ऑगस्ट 2016 मध्ये ‘पोकेमॉन युरेनियम’ ही चाहत्यांनी बनवलेली गेम आली. नऊ वर्षांची मेहनत आणि किंमत शून्य. डाउनलोड पंधरा लाखांच्या घरात गेले, पोकेमॉनचे हक्क सांगणाऱ्या निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीच्या वकिलांच्या नोटिसा आल्या आणि बनवणाऱ्यांनी स्वतःच लिंक काढल्या. त्याच महिन्यात निन्टेन्डोच्याच ‘मेट्रॉइड’ या गेमच्या दुसऱ्या भागाची चाहत्याने नव्याने केलेली आवृत्तीही अशीच उतरवावी लागली. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही, नफ्याचा धंदा नसेल तर कोर्ट शिक्षा कमी करू शकतं, पण उल्लंघन हे उल्लंघनच राहतं.

दुसरी समजूत म्हणजे श्रेय दिलं की भागलं. ‘सर्व हक्क मूळ कंपनीचे’ ही ओळ परवानगी नव्हे, उलट कबुलीजबाब. दुसरीकडे विणलेल्या चादरीवर ठळक ‘सोलापुरी चादर’ छापायचं आणि कोपऱ्यात बारीक ‘इथली नाही’ लिहायचं, हे आपल्या विणकरांना चालेल का? चादरीच्या भौगोलिक मानांकनाचा कायदा वेगळा, दुखणं तेच.

संगीतात तर भलेभले फसतात. तुकोबांच्या अभंगाच्या शब्दांवर कुणाचा हक्क उरलेला नाही, पण कॅसेटमधली चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगळे असतात. भारतात ध्वनिमुद्रणाचे हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतात. शेजारच्या भजनी मंडळाला विचारा, पारंपरिक चालीत गाऊन घ्या, लेखी होकार ठेवा.

सेगा या गेम कंपनीने आपल्या ‘सोनिक’ गेमच्या चाहत्यांनाच हाताशी धरून 2017 मध्ये ‘सोनिक मॅनिया’ काढली, हे उदाहरण हमखास तोंडावर फेकलं जातं. ती सेगाची मर्जी होती. प्रत्येक कंपनीचे नियम आधी वाचा, आणि गेम पूर्ण व्हायच्या आत ट्रेलर टाकून गाजावाजा करू नका.

नोटीस आलीच तर आधी लिंक उतरवा, नोटीस जपून ठेवा, वकिलाला दाखवा. रागाच्या भरात प्रतिनोटीस, म्हणजे ‘माझी गेम चुकीने उतरवली’ असं उलट उत्तर, धाडू नका. अमेरिकन पद्धतीच्या प्रतिनोटिशीत आपण खोटं बोलल्यास शिक्षा मान्य करतो, शिवाय तिथल्या कोर्टाचा अधिकारही मान्य करून बसतो.

उडी मारणं, नाणी गोळा करणं या कल्पना कुणाच्या मालकीच्या नाहीत. चित्रं, पात्रं, नावं, कोड यांना हात लावू नका. आमच्यातल्या एकाने उसना नायक काढून टाकला. आता त्याच्या गेममध्ये बाराबंदी घातलेला गडी सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलत गर्दीतून चालतो आणि तोल सांभाळणं हाच खेळ आहे. मूळ गेमपेक्षा मला हीच आवडते. तोल गेल्यावरचा आवाज तेवढा अजून उचललेला आहे. बदल म्हणून रोज मागे लागलोय.