मैत्रिणीचं लग्न, आणि निघायला एकच रात्र

रत्नागिरीला परवा लग्न, आणि माझं तिकीट अजून वेटिंगवर. असं झालं की आधी तत्काळ बघायचं: गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी एसीचं सकाळी १० ला उघडतं, स्लीपरचं ११ ला. आम्हा म्हापशेकरांना थिवीहून मांडवी एक्सप्रेस सोयीची.

मग ब्लाउज घालूनच बघा. हँगरवर बघून काही कळत नाही. मागच्या लग्नात वरचा हूक मांडवातच तुटला आणि मी अख्खं जेवण पदर घट्ट धरून उरकलं! तेव्हापासून पर्समध्ये सुई-दोरा आणि चार सेफ्टी पिना असतातच. इस्त्रीची साडी घडीवर घडी न ठेवता जुन्या सुती ओढणीत सैल गुंडाळा.

अबोलीची वेणी मात्र निघायच्या दिवशीच घ्यायची. केळीच्या पानात गुंडाळा, वरून ओलं फडकं (पिळून, नाहीतर फुलं काळवंडतात), आणि डबा बॅगेत सगळ्यात वर. मोगरा दुपारपर्यंत मलूल होतो, अबोली दुसऱ्या दिवशीही टवटवीत.

आहेराचं पाकीट घरीच नाव घालून ठेवा. हॉलच्या दारात पेन कोणाकडेच नसतं.