चुलीतली राख वाचायला शिकताना: आर्किओबॉटनीत येणाऱ्यांसाठी

आर्किऑलॉजी करतोय म्हटलं की लोक मूर्ती, नाणी नाहीतर किल्ल्यांबद्दल विचारतात, आणि मी सांगतो की बाबा मी चुलीतली राख बघतो, जुन्या लोकांनी काय जाळलं ते शोधतो. मग समोरचा जरा गप्प होतो. या लाईनला, म्हणजे आर्किओबॉटनीला (जुन्या वस्तीच्या जागी सापडणाऱ्या वनस्पतींच्या अवशेषांचा अभ्यास), यायचा विचार करणाऱ्या काहींनी मेसेज करून विचारलं होतं की सुरुवात कशी करायची, म्हणून लिहितोय.

आधी कोळसा. लाकूड कुठल्या झाडाचं ते ओळखायला चुलीतला तुकडा हाताने किंवा ब्लेडने मोडायचा, तोही तीन बाजूंनी (आडवा छेद आणि दोन उभे), मग वाळूच्या डबीत खोचून मायक्रोस्कोपखाली ठेवायचा. सागाच्या कोळशात वाढीची वलयं ठसठशीत दिसतात, मोठ्या छिद्रांची रांगच असते, बाभळीत तसं नाही, छिद्रं सगळीकडे विखुरलेली. पुस्तकातले फोटो बघून हे येत नाही हो, स्वतः लाकडं गोळा करून, जाळून, लेबल लावून आपला रेफरन्स सेट बनवावाच लागतो. पहिल्या वर्षी मी फक्त तेच केलं आणि तेव्हा वाटायचं की वेळ वाया चाललाय. आणखी एक, त्याच कोळशाची कार्बन डेट काढायची असेल तर बारीक फांदी निवडा. जुन्या झाडाच्या गाभ्याचं लाकूड झाड तोडायच्या कितीतरी आधी वाढलेलं असतं, त्यामुळे चूल उगाच म्हातारी ठरते.

पण खरी गंमत शेणात आहे. फ्लोटेशनला माती पाण्यात ढवळली की जळक्या बिया वर तरंगतात, माझ्या पहिल्या सॅम्पलमध्ये गवताच्या बारीक बिया ढिगाने निघाल्या आणि मी रिपोर्टमध्ये ठोकून दिलं की लोक रानटी धान्य खायचे. मॅडमनी वाचलं आणि एवढंच विचारलं, "खाल्लं कुणी? माणसाने का बैलाने?" जनावर चरतं, बी शेणातून जातं, शेणाची गोवरी होते, गोवरी चुलीत. इराणमधल्या मल्यान या साईटवर आर्किओबॉटनिस्ट नेओमी मिलर यांनी 1980च्या दशकात नेमका हाच मुद्दा मांडला होता, त्याही आजूबाजूच्या गावात लोक शेण कसं जाळतात ते बघून. आपल्याला तर त्यासाठी लांब जायला नको, माझ्या आजीला गोवरी आणि बाभळीच्या विस्तवातला फरक विचारा, दूध कशावर तापवायचं आणि भाकरी कशावर ते ती झोपेतही सांगेल.

शेण ओळखायची दुसरी खूण म्हणजे स्फेरुलाइट. जनावराच्या आतड्यात तयार होणारे कॅल्शियम कार्बोनेटचे गोळे, साधारण 5 ते 20 मायक्रॉनचे, पोलराइज्ड लाइटमध्ये प्रत्येकावर काळी फुली दिसते. मी दोन दिवस डोळे फोडून शोधले, एकही नाही. मग कळलं की फायटोलिथ (वनस्पतींच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे बारीक कण) काढायला मी आधीच सॅम्पल हायड्रोक्लोरिक ॲसिडमधून काढलं होतं, म्हणजे गोळे मीच विरघळवले होते! त्यामुळे सॅम्पलचे आधीच दोन भाग करा, एकाला ॲसिड दाखवू पण नका. मातीच ॲसिडिक असेल तरी ते टिकत नाहीत, म्हणून नुसतं "दिसले नाहीत" यावरून "गोवऱ्या जाळत नव्हते" असं लिहू नये.

आणि शेण जळालं म्हणजे ते सरपणच होतं असंही नाही बरं का. कर्नाटक-तेलंगणातले नवाश्मयुगीन राखेचे ढिगारे बघा, हंपीजवळच्या निंबापूरच्या ढिगाऱ्याला लोक वालीची चिता म्हणतात, काही जुन्या साहेबांना ते ज्वालामुखीचं काम वाटलं होतं. तेलंगणातल्या उत्नूरला आर्किऑलॉजिस्ट ऑलचिन यांनी 1957 साली खोदलं तेव्हा गुरांच्या खुरांचे ठसे सापडले, म्हणजे तो गोठा, आणि साठलेलं शेण तिथल्या तिथेच पेटवलेलं. कर्नाटकातल्या बुदिहाळच्या ढिगाऱ्यावर डेक्कन कॉलेजच्या पड्डय्यांनी केलेलं कामही नक्की वाचा.

बॅकग्राउंड बॉटनीचं असेल तर सोपं जातं, पण माझं बीए हिस्ट्री होतं आणि जमलं. सुट्टीत गावी गेलात तर चुलीतली राख, अर्धवट जळालेली तुरीची काटकी, एखादी गोवरी झिपलॉकमध्ये भरून आणा, आणि पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी पिशवीच्या आत टाका, पिशवीवर मार्करने लिहिलेलं नाव पुसलं जातं. एसटीत शेजारचा विचारतो पिशवीत काय आहे, मी आता सरळ सांगतो, गोवरी.