तीस टक्क्यांच्या बैठकीपूर्वीची तयारी

मोठ्या कारखान्याच्या रचनेत मानवी घटकांचा, म्हणजे तिथे काम करणाऱ्या माणसांच्या सोयीचा आणि मर्यादांचा, विचार कधी सुरू करावा, हे मला नागपूरजवळच्या बुटीबोरी परिसरातील एका प्रकल्पात हात पोळल्यावर कळले. खर्चाची तरतूद आणि जबाबदार अभियंत्याची नेमणूक सगळेच करतात. त्यावर शाई खर्च करत नाही.

कारखान्याच्या संगणकावरील त्रिमितीय मॉडेलची तपासणी साधारणपणे रचनेचे 30, 60 आणि 90 टक्के काम झाल्यावर होते. ऑपरेटर आणि फिटर 30 टक्क्यांच्या बैठकीला हवेत. आम्ही त्यांना थेट 90 टक्क्यांना बोलावले. पाचव्याच मिनिटाला त्यांनी वाफेच्या पाइपामागे, सव्वादोन मीटर उंचीवर असलेला ड्रेन व्हॉल्व्ह (साचलेला द्रव सोडण्याची झडप) दाखवला, पण तोवर लोखंडी सांगाड्याची ऑर्डर गेलेली होती. आजही तो व्हॉल्व्ह उलट्या बादलीवर उभे राहून फिरवतात. ऑपरेटर म्हणजे प्लांट मॅनेजर नव्हे. रात्रपाळीत व्हॉल्व्हचे चाक फिरवणारा माणूस, आणि तो 30 टक्क्यांनाच हवा.

त्या बैठकीपूर्वी व्हॉल्व्हची वर्गवारी करून ठेवावी: आणीबाणीत किंवा रोज लागणारे जमिनीवरून अथवा कायमच्या प्लॅटफॉर्मवरून हाताशी यावेत, क्वचित लागणाऱ्यांना शिडी चालेल. मापे परदेशी तक्त्यांतून उचलू नयेत; अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने 1997 मध्ये भारतीय शरीरमापे प्रसिद्ध केली आहेत. हात पोहोचण्याचे अंतर लहान चणीच्या माणसावरून आणि वावरायची जागा धिप्पाड माणसावरून ठरवावी. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा उन्हातले लोखंडी चाक हातमोज्यांशिवाय धरवत नाही. म्हणून पकड हातमोजे घालूनच तपासावी, आणि तपासणारा अर्थातच ऑपरेटर असावा.

नियंत्रण कक्षासाठी आयएसओ 11064 हे आंतरराष्ट्रीय मानक पाहावे. तिथल्या पॅनेलवरच्या दिव्याने व्हॉल्व्हची खरी स्थिती दाखवली पाहिजे, दिलेला आदेश नव्हे. 1979 मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रातल्या अपघातात बंद करण्याचा आदेश गेल्याचे दिसत होते आणि व्हॉल्व्ह मात्र उघडाच होता. 1994 मध्ये ब्रिटनमधल्या मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोटापूर्वीच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे 275 अलार्म आले होते, त्यामुळे अलार्मचा प्राधान्यक्रम आधीच ठरवावा.

पुरवठादारांच्या तयार स्किडनाही (चौकटीवर जोडून येणाऱ्या यंत्रसंचांनाही) हेच नियम करारात घालावेत. बांधकामात प्रत्यक्ष फेरी, चालू करण्यापूर्वी मराठी-हिंदी पाट्या, बाकी नेहमीचेच. 30 टक्क्यांच्या बैठकीचे पत्र मात्र आजच काढावे, आणि त्यात ऑपरेटरची पाळी बदलून दिल्याचे स्पष्ट लिहावे, नाहीतर त्याच्याऐवजी साहेबच येऊन बसतात.