प्लास्टिकच्या कयाकवर शीड लावायचंय? आधी आतून टेका द्या

कयाकचं प्लास्टिक म्हणजे पॉलिथिलीन, ते लवचिक असतं, त्यामुळे डेकवर (कयाकच्या वरच्या पाठीवर) नुसते स्क्रू मारून डोलकाठी उभी केली की शिडात वारा भरल्यावर डेक दबतो, भोकं मोठी होतात आणि पाणी आत यायला लागतं. इपॉक्सी-फायबरग्लासचा थर द्यायच्या भानगडीत पडू नका, या प्लास्टिकला ते नीट धरतच नाही, पापुद्रा सुटावा तसं सुटून येतं.

त्यापेक्षा असं करा:

१. हॅचमधून (डेकवरच्या झाकणाच्या तोंडातून) हात घालून डेकच्या खाली ६ मिमी मरीन प्लायचा तुकडा बसवा, वहीच्या पानाएवढा, कोपरे गोल केलेला. आधी त्याला वार्निश मारा, कडांना जास्त.

२. डोलकाठीचं बूड, डेक आणि प्लाय आरपार स्टेनलेस बोल्टने आवळा (३१६ ग्रेड, खाऱ्या पाण्यात तोच टिकतो). खाली मोठे वॉशर आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे). भोकाभोवती ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावा, सिलिकॉन इथे चिकटत नाही.

३. खरी ताकद इथे आहे: प्लाय आणि तळ यांच्यामध्ये पाणी न शोषणाऱ्या कडक फोमचा ठोकळा घट्ट बसवा, नटांसाठी त्यात खळगे कोरून. मग भार एकट्या डेकवर न राहता तळापर्यंत उतरतो.

डोलकाठी उंच असेल तर दोन्ही बाजूंना आणि मागे ताणाच्या दोऱ्या हव्यातच.

आणि एक, तळाला भोक अजिबात पाडायचं नाही. पहिली चाचणी खाडीत कमरेएवढ्या पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, आणि ओहोटी लागलेली असताना तर नकोच.