डोळ्याच्या ऑपरेशनला जाण्यापूर्वी : औषधांची पिशवी आणि बाकीची तयारी

मागच्या हिवाळ्यात, कापसाची दुसरी वेचणी आटोपल्यावर, आम्ही बाबांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन करून घेतले. आधारकार्ड, रेशनकार्ड, त्यांच्या झेरॉक्स, फोटो, चादर, डबा, यांतले काहीही विसरले नाही. तपासणीच्या टेबलावर "आणखी कोणती औषधे चालू आहेत?" असे विचारले गेले, तेव्हा मी मात्र "बीपीची आणि शुगरची, एवढीच" असे सांगून मोकळा झालो. बाबा रात्री झोपताना लघवीसाठी एक कॅप्सूल घेत होते. ती दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी दिलेली होती आणि तिचा डोळ्याशी काही संबंध असेल हे माझ्या मनातही आले नाही. त्या कॅप्सूलमधील औषधाचे नाव टॅमसुलोसिन. ऑपरेशन चालू असताना, थेंब टाकून मोठी केलेली बाहुली आकसू लागली आणि तिच्याभोवतीचा रंगीत पडदा ओल्या कापडासारखा सैल होऊन हलू लागला. वीस मिनिटांचे काम तासावर गेले. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, "यांना प्रोस्टेटची गोळी चालू आहे का?" प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. बाबांना आज त्या डोळ्याने चांगले दिसते, पण बाहुलीचा गोल थोडा बिघडला आहे आणि रात्री समोरून मोटारसायकलचा लाइट आला की त्यांना डोळ्यांवर हात आडवा धरावा लागतो. चूक डॉक्टरांची नव्हती. उत्तर मी दिले होते. आता डाव्या डोळ्याची वेळ आली आहे, म्हणून ही तयारी आधीच लिहून काढत आहे.

सर्वांत आधी एक कापडी पिशवी घ्यावी आणि ज्यांचे ऑपरेशन आहे त्यांच्या घरातील प्रत्येक औषधाचे पाकीट तिच्यात टाकावे. डोळ्याशी संबंध आहे की नाही, हे ठरवण्याचे काम आपले नाही. लघवीची कॅप्सूल, मुतखड्यासाठी दिलेली गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, दम्याचा पंप, गुडघेदुखीसाठी कोणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले डोळ्याचे थेंब, हे सर्व त्यात आले पाहिजे. टॅमसुलोसिन मुतखडा उतरावा म्हणूनही देतात, त्यामुळे ते फक्त म्हाताऱ्या पुरुषांचे औषध आहे असे समजून आईची औषधे घरी ठेवू नयेत. हे औषध मूत्राशयाच्या तोंडाचे आणि प्रोस्टेटचे स्नायू सैल करते. बाहुली मोठी करणारा स्नायूही त्याच जातीच्या संदेशावर चालतो, म्हणून तोही सैल पडतो. अमेरिकेतील दोन नेत्रशल्यचिकित्सकांनी हा प्रकार २००५ मध्ये प्रथम नोंदवला आणि आज प्रत्येक नेत्रशल्यचिकित्सकाला तो ठाऊक असतो. पूर्वकल्पना असेल तर ते बाहुली ताणून धरणारे बारीक आकडे तयार ठेवतात, डोळ्याच्या आत बाहुली मोठी करणारे औषध सोडतात. पूर्वकल्पना देणे एवढेच आपल्या हाती असते, आणि नेमके तेच मी केले नाही. औषध बंद करून कित्येक महिने झाले असले तरीही सांगावे, कारण परिणाम मागे राहू शकतो. मात्र ऑपरेशन आहे म्हणून लघवीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. लघवी तुंबली किंवा हृदयाला त्रास झाला तर डोळा बाजूलाच राहतो.

आता त्रास कोणता आहे, याकडे वळावे. गावात "दिसत नाही" या दोन शब्दांत सगळे आजार बसवले जातात, पण डॉक्टरांना त्याहून अधिक हवे असते. घरी एकेक डोळा तळहाताने झाकून पाहावे : कोणत्या डोळ्याने कमी दिसते, दूरचे की जवळचे, केव्हापासून, दिवसा अधिक त्रास होतो की रात्री. चाळिशीनंतर सुईत दोरा जाईनासा होणे हा आजार नाही, त्याला जवळचा चष्मा पुरतो. सगळे धुरकट दिसणे, दिव्याभोवती कडी दिसणे, चष्म्याचा नंबर वारंवार बदलणे, ही मोतीबिंदूची लक्षणे असतात. डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होते आणि कोणत्याही थेंबाने ते पुन्हा स्वच्छ होत नाही. काचबिंदू मात्र बहुधा गुपचूप येतो, कडेची नजर आधी खातो, आणि गेलेली नजर ऑपरेशनने परत येत नाही. घरात कोणाला असेल तर ते सांगितलेच पाहिजे. शुगर असेल तर मागचा पडदा तपासून घ्यावा, कारण पडदाच खराब झाला असेल तर उत्तम लेन्स बसवूनही दिसणे अर्धवटच राहते आणि मग दोष ऑपरेशनला दिला जातो. उन्हातान्हात आणि धुळीत काम करणाऱ्यांच्या डोळ्यात नाकाच्या बाजूने मांस वाढते, तो मोतीबिंदू नव्हे. एकाएकी नजर गेली, डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखे झाले किंवा विजा चमकल्यासारखे दिसू लागले, तर ही यादी बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे पोहोचावे.

येथे पिशवीतल्या बिननावाच्या पुड्यांबद्दल पुन्हा लिहितो. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते आणि ते दीर्घकाळ पोटात गेल्याने मोतीबिंदूही होतो, डोळ्यातील दाबही वाढतो. डोळ्याच्या खाजेसाठी महिनोन्महिने टाकलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांचेही तेच. म्हणून पुडी लपवू नये, तिच्याबद्दल रागावून घेणे परवडते.

कोणाकडे जायचे, यात आमच्या भागात पुष्कळ गोंधळ असतो. चष्म्याचा दुकानदार चष्मा बनवतो. यंत्रावर नंबर काढून देतो म्हणून तो डोळा तपासणारा होत नाही. ऑप्टोमेट्रिस्ट नंबर नीट काढतो आणि आजाराची शंका आली तर पुढे पाठवतो. ग्रामीण रुग्णालयात नेत्र चिकित्सा अधिकारी असतात. त्यांची पहिली तपासणी विनामूल्य होते आणि जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी तेथेच मिळते, त्यामुळे थेट शहर गाठण्याआधी तेथे जाणे शहाणपणाचे. ऑपरेशन करतात ते नेत्ररोगतज्ज्ञ, म्हणजे एमबीबीएसनंतर डोळ्यांचे शिक्षण घेतलेले डॉक्टर. पडद्याचा विकार असेल तर त्यांच्यातीलही पडद्याचे वेगळे तज्ज्ञ लागतात. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूचे ऑपरेशन लेन्ससह विनामूल्य होते, हे आशाताई सांगतात तरी लोक जमिनीचा तुकडा गहाण ठेवायला निघतात, याचे वाईट वाटते. गावात लागणारे शिबिर तपासणीसाठी असते; ऑपरेशन रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातच व्हावे, याची खात्री करून घ्यावी. या वाटेवर आपल्याला औषधांबद्दल विचारणारी माणसे तीन-चार असतात, आणि एकाला सांगितलेले दुसऱ्याच्या कागदावर उतरेलच असे नाही. म्हणून एका कागदावर सर्व औषधांची नावे मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येकासमोर ठेवावा. तोंडी सांगून भागत नाही. मी तोंडीच सांगितले होते.

ऑपरेशन केव्हा करावे, यावर घरात सर्वांत मोठा वाद होतो. "अजून पिकला नाही" म्हणून थांबण्याची रीत जुन्या पद्धतीच्या काळातली आहे; आता रोजच्या कामाला अडचण होऊ लागली की करावे. फार पिकू दिला तर भिंग कठीण होते, फुगते, डोळ्यातील दाब वाढून असह्य दुखू लागते आणि कधी कधी नजर कायमची जाते. ऋतूचेही बंधन नाही, पण पेरणी आणि वेचणीच्या ऐन दिवसांत तारीख घेऊ नये, कारण माणूस चार दिवसांत शेतात जाऊन उभा राहतो. पद्धती मुख्यतः दोन. फेकोमध्ये साधारण अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेतात आणि घडीची लेन्स बसवतात. दुसऱ्या पद्धतीत सहा-सात मिलिमीटरच्या, टाका न लागणाऱ्या छेदातून भिंग अखंड बाहेर काढतात. फार पिकलेल्या मोतीबिंदूसाठी दुसरी पद्धत अनेकदा अधिक सोयीची ठरते, म्हणून ती गरिबांची पद्धत समजून कमीपणा मानू नये. साध्या लेन्सनंतर वाचायला चष्मा लागतो, हे आधीच समजून घ्यावे. महागड्या लेन्सने तो सुटू शकतो, पण रात्री दिव्यांभोवती कडी दिसण्याचा त्रास काहींना होतो. शेतात जागलीला जाणाऱ्या माणसाने याचा विचार करावा.

माझ्या पुतणीला भरतीसाठी चष्मा घालवायचा आहे, म्हणून लेसरबद्दलही थोडे लिहितो. लॅसिकमध्ये डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, लेसरने नवा आकार देतात. वय अठराच्या पुढे हवे, नंबर किमान वर्षभर स्थिर हवा आणि कॉर्निया पुरेसा जाड हवा. तो पातळ असेल किंवा शंकूसारखा पुढे येत असेल तर डॉक्टर नकार देतात आणि तो नकार मान्य करावा. अशा काहींना डोळ्याच्या आत बसवायची लेन्स चालते. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असल्यास तपासणीपूर्वी डॉक्टर सांगतील तितके दिवस बंद ठेवावी, नाहीतर मापे चुकतात. ज्या भरतीसाठी हे करायचे तिच्या नियमांत लेसर चालते का, हे आधी वाचावे. आणि येथेही पिशवी आहेच : मुरुमांसाठी घेतलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी डोळे कोरडे पडतात, त्यामुळे "ती तर चेहऱ्याची गोळी" असे म्हणून ती वगळू नये. चेहऱ्याची, लघवीची, गुडघ्याची, सगळी सांगायची.

ऑपरेशनपूर्वी शुगर आणि बीपी तपासतात. वाढलेले असेल तर तारीख पुढे जाते, म्हणून आठवडाभर आधी गावातच तपासून घ्यावे. लेन्सचा नंबर काढण्यासाठी डोळ्याचे माप घेतात, अश्रूंची नळी मोकळी आहे का ते पाहतात. दात किडला असेल, पायाला जखम असेल, पू असेल, तर ते सांगावे. खोकल्याकडे दुर्लक्ष करू नये : टेबलावर उताणे, न हलता पडून राहावे लागते आणि एक जोराची ढास नुकसान करू शकते. घरी रोज अर्धा तास उताणे पडून राहण्याची सवय करावी. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) बंद करावा. निदान त्या दिवशी तरी तोंडात काही नको. ऐकू कमी येत असेल तर तेही आधी सांगावे.

आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ, नखे कापणे, धुतलेले कपडे. दिलेले थेंब वेळेवर. काजळ नको. सकाळच्या गोळ्यांपैकी कोणती घ्यायची आणि कोणती नाही, हे विचारून कागदावर लिहून घ्यावे. सोबत वाचता येणारे माणूस. कोणता डोळा, हे दर खोलीत स्वतः बोलून दाखवावे. पिशवी.

नंतरचे थोडक्यात. थेंब चार ते सहा आठवडे, हात धुऊन, दोन थेंबांत पाच मिनिटांचे अंतर. डोळ्यात पाणी, धूळ, चुलीचा धूर जाऊ देऊ नये. ओझे उचलू नये. रात्री प्लॅस्टिकची वाटी लावून झोपावे. जागलीला रोही (नीलगाय) हाकलायला जाऊ देऊ नये, कितीही वाद घातला तरी. दुखणे वाढले, लाली वाढली, नजर कमी झाली, पू आला, तर दुसऱ्या दिवसाच्या एसटीची वाट न पाहता त्याच रात्री निघावे. चष्म्याचा नंबर महिना-दीड महिन्याने. पुढे काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट झाले तर बहुधा लेन्सच्या मागे जाळी आलेली असते, ती लेसरने काही मिनिटांत निघते.

लेन्सचे कार्ड जपून ठेवावे. आमच्या पिशवीत उजव्या डोळ्याचे डिस्चार्ज कार्ड सर्वांत वर आहे, त्यावर मी लाल शाईने "टॅमसुलोसिन" असे लिहिले आहे आणि रिकामे पाकीट टाचणीने लावले आहे. बाबांच्या डाव्या डोळ्याच्या तपासणीला ते नाव विचारण्याआधीच टेबलावर ठेवायचे आहे.